बेघर तरुणांसाठी सरकारी अनुदान: खुलं निवारागृह, अनुरक्षण की पालिकेचा निवारा?

स्टेशनच्या पुलाखाली किंवा मार्केट यार्डाच्या शेडमध्ये सोळा वर्षांचा आणि वीस वर्षांचा मुलगा एकाच गोणपाटावर झोपतात. सरकारी पैसा त्या दोघांना एका रांगेत बसवत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत तो महिला व बाल विकास खात्यातून येतो, अठरानंतर नगरपालिका-महापालिकेतून. मधल्या अरुंद पट्टीत ‘अनुरक्षण’ नावाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्यांना अठरानंतर आधार देणारी सोय आहे, पण ती सगळ्यांना खुली नाही. म्हणून या वयोगटासाठी काम सुरू करणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थेने रकमेच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या दारात येणाऱ्या मुलाचं कागदावरचं वय काय, आणि तो आला कुठून.

आधी वयाचा कागद

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिला आहे. पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. तो नसेल तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, म्हणजे हाडांची तपासणी, आणि आदेशापासून १५ दिवसांत तिचा निकाल.

आपल्याकडे खरी मेख पहिल्या कागदातच असते. गावाकडच्या शाळांत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख किती जणांच्या दाखल्यावर आहे, हे वेगळं सांगायला नको. मूल खरं तर सतरा वर्षं चार महिन्यांचं असलं, तरी दाखल्यावर ते येत्या १ जूनला अठराचं होतं. तेही नेमकं बारावीच्या निकालाच्या आसपास, म्हणजे पुढचा प्रवेश कुठे आणि राहायचं कुठे हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात तेव्हा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात शाळेचा दाखला मागवा आणि त्यावरची तारीख केस फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढची सगळी आखणी तिच्यावर चालते.

पहिला पर्याय: खुलं निवारागृह

ही सोय ‘मिशन वात्सल्य’खाली येते. २००९-१० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेचंच हे पुढचं रूप. मार्गदर्शक सूचना २०२२ च्या, आणि खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. कायद्याच्या कलम ४३ नुसार खुलं निवारागृह म्हणजे वस्तीतच असलेली, थोड्या मुदतीची राहण्याची सोय. रस्त्यावरच्या मुलाला तिथल्या आयुष्यापासून बाजूला काढणं हा तिचा हेतू. बालगृहासारखं वर्षानुवर्षं ठेवणं इथे अपेक्षितच नाही.

बालगृहाशी तुलना केली की फरक कळतो. ५० मुलांच्या बालगृहासाठी या कायद्याच्या नमुना नियमांत एकूण ८,४९५ चौरस फुटांचा आराखडा आहे, नुसत्या झोपण्याच्या खोलीत दर मुलामागे ४० चौरस फूट. एवढी जागा नव्या संस्थेकडे नसते, आणि भाड्याने घेऊन हे गणित जुळत नाही. बालगृहातल्या मुलाच्या निर्वाहासाठी दरमहा ३,००० रुपये धरलेले आहेत, म्हणजे दिवसाला १०० रुपये. त्यात दोन जेवणं, नाश्ता, कपडे, साबण, वह्या हे सगळं. कर्मचाऱ्यांचं मानधन वेगळं असतं म्हणून ते कसंबसं पेलतं.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. नोंदणी आणि अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ४१ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, मग तिला सरकारचा एक रुपया मिळो न मिळो. नोंदणी झाली म्हणून अनुदान मिळेलच असं नाही. आणि नोंदणीशिवाय मुलं ठेवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. अर्ज करायला होणारा दर ३० दिवसांचा उशीर वेगळा गुन्हा धरला जातो. ‘आधी दहा मुलं ठेवून काम दाखवू, मग अर्ज करू’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी ऐकू नका.

अर्ज दिल्यावर महिन्याभरात तात्पुरती नोंदणी मिळायला हवी. ती मिळाली नाही तर अर्जाची पोचपावतीच जास्तीत जास्त सहा महिने तात्पुरती नोंदणी मानली जाते. म्हणून आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पावती हातात घेतल्याशिवाय जिल्हा कार्यालयातून उठू नका. ‘साहेबांकडे ठेवलंय’ याला पावती म्हणत नाहीत. पक्की नोंदणी पाच वर्षांची असते.

रोजच्या कामात सांभाळायची मोठी गोष्ट म्हणजे वेळ. मूल मिळाल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीसमोर (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी समिती) हजर करायचं असतं. कुटुंबापासून दुरावलेलं मूल सापडल्याची खबर न देणं हाही गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय दर महिन्याला किती मुलं आली-गेली याची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि समिती या दोघांकडे जायला हवी. तपासणीत या मासिक माहितीचा आणि हजेरीपटाचा ताळा घेतला जातो. रस्त्यावरचं मूल तीन दिवस येतं, दोन दिवस गायब होतं. तेव्हा पटावर रोज सरसकट २५ हजर दाखवणारी संस्था पहिल्याच भेटीत पकडली जाते, आणि तसंच व्हायला हवं.

दुसरा पर्याय: अनुरक्षण

अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी कलम ४६ आणि मिशन वात्सल्यातली अनुरक्षणाची तरतूद आहे. वयाची मर्यादा २१, अपवाद म्हणून २३. रक्कम दरमहा ४,००० रुपये. कागदावर तिन्हींत ही सर्वांत शहाणी सोय आहे: इमारत नको, ५० जणांचं स्वयंपाकघर नको, सहा ते आठ जणांनी मिळून एखादं घर घेऊन राहावं ही नियमांतलीच कल्पना.

दोन अडचणी मात्र आहेत. पहिली पात्रतेची. ही सोय बाल संगोपन संस्थेतून, म्हणजे बालगृहासारख्या ठिकाणाहून, बाहेर पडणाऱ्याला आहे. बिहारहून किंवा बीडहून एकोणिसाव्या वर्षी थेट फलाटावर उतरलेल्या मुलाला ती लागू होत नाही. तेव्हा ‘आम्ही रस्त्यावरच्या तरुणांसाठी अनुरक्षण चालवू’ असा प्रस्ताव मुळातच चुकीच्या खिडकीवर जातो.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची योजना मुलगा बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी समितीपुढे ठेवायची असते. १ जूनचा वाढदिवस असेल तर ती तारीख येते १ एप्रिल. मार्चअखेरच्या हिशेबात सगळं कार्यालय बुडालेलं असतं, तेव्हाच. ही कामं जानेवारीत उरका:

– आधारचे बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. पंधराव्या वर्षानंतरची नोंद बऱ्याचदा राहिलेली असते.
– मुलाचं बँक खातं अज्ञान म्हणून उघडलेलं असेल तर अठरा पूर्ण होताच नव्याने ओळखपत्रं आणि सह्या द्याव्या लागतात. तोवर खातं अडकतं आणि पहिला हप्ता परत जातो. बँकेत काय लागेल ते आधीच विचारून ठेवा.
– पत्त्याच्या पुराव्यावर संस्थेचा पत्ता आहे का आणि तो बदलायचा कसा, हे ठरवा.

रकमेचंही गणित करून पाहा. सहा मुलांचे मिळून महिन्याला २४,००० रुपये. समजा घरभाडं १५,०००. उरतात ९,०००, म्हणजे डोईमागे १,५००. पुण्या-ठाण्यात यात महिन्याची खानावळ बसत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाचं अर्धवेळ काम किंवा विद्यावेतन धरूनच योजना लिहावी. अनामत रक्कम कुठून येणार हेही आधीच ठरवावं. ती या ४,००० मधून निघत नाही. घरमालक ‘संस्थेची मुलं’ म्हटल्यावर नाक मुरडतात, म्हणून भाडेकरार संस्थेच्या नावावर असलेला बरा.

तिसरा पर्याय: पालिकेचा बेघर निवारा

अठरा ओलांडून थेट रस्त्यावर आलेल्या तरुणासाठी खरं तर हाच दरवाजा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून ही रचना उभी राहिली. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी ५० चौरस फूट, आणि चोवीस तास, बारा महिने खुला. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे या हिशेबाने एकट्या मुंबईत १२ हजारांवर लोकांची सोय हवी.

इमारत पालिकेची असते आणि संस्था ती चालवायला घेते. म्हणून भांडवल कमी लागतं, पण पाठपुरावा जास्त. ५० जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीसाठी वर्षाला ६ लाख रुपये धरलेले होते, तेही पाच वर्षांपुरते. महिन्याला ५०,०००. त्यात एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक. व्यवस्थापकाला १५,००० आणि बाकीच्यांना दहा-दहा हजार दिले तरी उरतात ५,०००: वीज, फिनेल, चादरींची धुलाई आणि गळका नळ, सगळं त्यातच. साप्ताहिक सुटीला बदली माणूस यात नाहीच, आणि शहरात दहा हजारांत किमान वेतनही बसत नाही. माणशी हिशेब केला तर महिन्याला १,००० रुपये, दिवसाला ३३. जेवण यात बसणार नाही हे उघड आहे. त्यासाठी देणगीदार किंवा जवळचं अन्नछत्र पक्कं करूनच करार करावा.

केंद्राच्या त्या अभियानाचा कालावधी २०२४ मध्ये संपला. म्हणून पालिकेच्या समाज विकास विभागात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: या निवाऱ्याचा खर्च आज कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून) निघतो, आणि चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात तिथे किती रक्कम दाखवली आहे? उत्तर लेखी मिळालं नाही तर करारावर सही करू नका.

तरुणांच्या दृष्टीने निवाऱ्याचा मोठा दोष म्हणजे गर्दी. एकोणीस वर्षांचा मुलगा दारूच्या व्यसनात अडकलेल्या पन्नाशीच्या माणसाशेजारी झोपतो, आणि आठवड्यात परत पुलाखाली जातो. यावर उपाय साधा आहे. पालिकेला द्यायच्या प्रस्तावातच लिहा की १८ ते २५ साठी दहा-बारा खाटांची वेगळी खोली आणि कुलपाची कपाटं राहतील. कपाट छोटी गोष्ट वाटते, पण दाखला, आधार आणि मोबाइल सुरक्षित राहिला की मुलगा टिकतो. तरुणींना मात्र मिश्र निवाऱ्यात पडदा लावून ठेवू नका. महिलांचा स्वतंत्र निवारा असेल तरच घ्या.

आणि रात्री अकराला सतरा वर्षांचा मुलगा एकटा आला तर? त्याला हाकलायचं नाही आणि इथला रहिवासी म्हणून पटावरही घ्यायचं नाही. वेळ लिहून नोंद करा, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, फोनची वेळही लिहा, आणि २४ तासांत समितीपुढे न्या. या सूचनांचा कागद रात्रपाळीच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला असावा.

मग घ्यावं काय

नातेवाईक हाताशी असलेलं मूल यांपैकी कशातच आणू नका. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अठरापर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. मामा-आजीकडे राहिलेलं मूल कुठल्याही निवाऱ्यातल्या मुलापेक्षा बरं.

दारात येणारी मुलं प्रामुख्याने चौदा ते सतराची असतील, आणि अनुदानाविना निदान सहा महिने खर्च भागवता येत असेल, तर खुलं निवारागृह घ्या. हप्ता उशिरा येणार हे धरूनच चाला. मागच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षण गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि दोन्हींतले आकडे शंभर रुपयांनी जुळले नाहीत तरी फाइल परत येते. इमारत नाही पण दोन-तीन चांगले कार्यकर्ते आणि जवळच्या बालगृहाशी संबंध आहेत, अशा संस्थेने अनुरक्षणापासूनच सुरुवात करावी. सहा मुलांचं एक घर वर्षभर नीट चालवणं ५० जणांच्या निवाऱ्यापेक्षा सोपं आहे. चुकलं तरी सावरता येतं.

पालिकेचा निवारा घ्यावा तो शहरात आधीच पाय रोवलेल्या संस्थेने. स्थायी समितीत कोण बसतं आणि लेखा विभागात बिल कुठल्या टेबलावर अडतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच निवाऱ्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. ज्यांच्याकडे पंधरा ते बावीस अशी सरमिसळ येते, त्यांनी दोन प्रस्ताव द्यावेत, दोन पत्त्यांवर, दोन हजेरीपटांसह. एकाच छपराखाली दोन्ही चालवायचा मोह होईल. तपासणीला आलेला अधिकारी आधी खाटा मोजतो आणि मग दाखल्यांवरच्या तारखा पाहतो.