माडग्याळ मेंढी : सोळा महिन्यांच्या संगोपनानंतरचा अनुभव

सांगोला तालुक्यातील आमच्या कोरडवाहू शेतीला जोड म्हणून सोळा महिन्यांपूर्वी मी जत तालुक्यातून 10 माडग्याळ मेंढ्या आणि 1 नर आणला. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे काळी दख्खनी मेंढरे होती, त्यामुळे माझे मत त्या तुलनेतून बनले आहे.

चालण्याच्या बाबतीत या जातीला नावे ठेवायला जागा नाही. पाय लांब, अंग उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. ऐन मे महिन्यात शिवारात हिरवे काही उरले नसतानाही ही मेंढरे बाभळीच्या वाळक्या शेंगा वेचत दिवसभर फिरली आणि संध्याकाळी मूठमूठ मक्याच्या भरड्यावर त्यांनी अंग धरून ठेवले. पहिले कोकरू जन्मतः 3.5 किलोचे होते आणि तिसऱ्या महिन्यात ते काट्यावर 19 किलो भरले. आमचे दख्खनी कोकरू त्या वयात 14 किलोंच्या पुढे कधी गेले नव्हते.

उणिवाही आहेत. नऊ मेंढ्या व्याल्या, पण प्रत्येकीला एकच कोकरू झाले. जुळी हवी असतील, तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक आणून विकसित केलेल्या ‘नारी सुवर्णा’चा विचार करावा. माडग्याळच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर जवळजवळ नसते. घरची घोंगडी आता होणार नाही, याची आईला अजून हळहळ वाटते आणि मलाही. पावसाच्या झडीत दोन कोकरांना खोकला धरला, तेव्हा जाळीच्या वाड्यावर पत्रा घालणे भागच पडले. आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होऊन मेंढरे अचानक दगावण्याच्या रोगाची) लस मात्र पावसाळ्यापूर्वीच टोचून घेतल्याने त्या रोगाने एकही दगावले नाही.

सर्वांत मोठी चूक खरेदीत झाली. पोपटासारख्या बाकदार नाकावर बाजारात किमती चढतात, निवडक नरांचे मोल तर लाखांत जाते, आणि मीही नाकच पाहत राहिलो. व्यापाऱ्याने ‘चार दाती’, म्हणजे तरुण, म्हणून दिलेल्या एका मेंढीचा जबडा घरी येऊन उघडला, तर खालचे दात झिजून फटी पडलेल्या होत्या, म्हणजे ती म्हातारी निघाली. ती दहावी मेंढी गाभण राहिलीच नाही. पैदाशीसाठी मेंढी घेताना जबडा उघडून दात मोजावेत, दोन्ही सडांतून दूध येते का ते पिळून पाहावे आणि तिला दहा पावले चालवून खूर तपासावेत. दिवाळीनंतर मी आणखी पाच मेंढ्या घेणार आहे, त्या याच क्रमाने पाहून.