जुन्या वळणाची हातकार्डं : ठसे, शाई आणि रंगांसोबत आठ महिने

जानेवारीत संक्रांतीची कार्डं घरीच करायची ठरवून जो सरंजाम आणला, तो सप्टेंबरपर्यंत सतत वापरात आहे. साठेक कार्डं झाली. त्यातली वीस तरी कचऱ्यात गेली, म्हणजे लिहायचा अधिकार मिळाला असं धरून चालते.

आणलं ते असं: पारदर्शक ठशांचा ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त संच, ठसे चिकटवायला ॲक्रिलिकचा ठोकळा, डिस्ट्रेस शाईचे (कागद जुनाट दाखवणारी शाई) 'टी डाय' आणि 'व्हिंटेज फोटो' या तपकिरी छटांचे दोन पॅड, काळ्या आर्काइव्हल, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न पसरणाऱ्या टिकाऊ शाईचा एक पॅड आणि 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा) जाड जलरंगाचा कागद. रंग मुलाचे उरलेले, कॅमलच्या ट्यूबमधले.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते त्या दोन तपकिरी पॅडचे. ही शाई कागदावर बसल्यावरही पाणी लागलं की पुन्हा हलते, आणि सगळी जादू तिथेच आहे. स्पंजच्या तुकड्याने कडा गडद करत आणायच्या, मग बोटांनी पाण्याचे चार थेंब उडवायचे आणि अर्ध्या मिनिटाने टिपकागद दाबायचा. थेंब पडले तिथली शाई उचलली जाते आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या कागदासारखे फिकट डाग उमटतात. कडांवर आधी काचपेपर फिरवला तर शाई तिथे जास्त मुरते. दुमडीवर मात्र काचपेपर लावू नका, कार्ड तिथेच फाटतं. (दोनदा फाटलं. पहिल्यांदा शिकले नव्हते.)

चहाचं पाणीही करून पाहिलं. कोरा चहा, बिनसाखरेचा. साखर असली तर मुंग्यांना आमंत्रण, हे वेगळं सांगायला नको. कागद पंधरा मिनिटं बुडवून पंख्याखाली वाळवला की रंग सुरेख येतो. एकदा तो चहा गंजलेल्या लोखंडी कढईत ओतला आणि कागद करडा-काळा झाला. चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की असंच होतं, जुनी लोखंडी शाईही याच तत्त्वावर बनायची. आता गडद डाग हवा असेल तर मी वाटीभर चहात मुद्दाम एक गंजका खिळा टाकून ठेवते. सासूबाईंनी एकदा तो गाळण्यात पाहिला, त्यावर फार बोलत नाही.

काळी शाई घेताना पाण्याने न पसरणारीच घ्या. मी पहिल्या कार्डाला घरातला ऑफिसचा साधा पॅड वापरला आणि गुलाबात रंग भरायला लागले तर पाकळ्यांच्या रेघा वाहून जांभळा चिखल झाला. आत्याच्या पंचाहत्तरीचं कार्ड होतं ते! नंतर क्रम पक्का केला: आधी टिकाऊ काळ्या शाईत ठसा, तो पूर्ण वाळला की वरून जलरंग. लंडनमध्ये 1843 साली हेन्री कोलने नाताळचं पहिलं व्यापारी कार्ड बनवून घेतलं, तेही रेघा छापून मग हाताने रंगवलेलं होतं. एका अर्थी आपण तेच करतोय.

रंग ट्यूबमधून काढून थेट लावले तर कार्ड बालवाडीचं दिसतं. गुलाबीत हिरव्याचं टोक, निळ्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), असं करून प्रत्येक रंगाची चमक मारायची. दोन हात पातळ द्यायचे, एक जाड नाही. लेसवर पांढरी टिंबं हवी असतील तर जलरंगातला पांढरा कमी पडतो, तिथे पोस्टर कलर घ्या.

आता ठसे. संच कोणाचा ते सांगत नाही, पण नवे ठसे शाई धरतच नव्हते, थेंब थेंब होऊन बसायची. खोडरबर हलकेच घासल्यावर सुधारले. ठसा उमटवताना कागदाखाली जुना माउसपॅड ठेवला तर दाब सारखा पडतो. चार महिन्यांत त्यातले दोन पिवळे पडले, कारण मी ते खिडकीत वाळत ठेवायचे. उन्हात ठेवू नका. छाप अजून ठीक येतो.

माझी खरी तक्रार नक्षीची आहे. आयफेल टॉवर, फ्रेंच लिखाण, खिशातलं घड्याळ. आमच्या घरात जुनं म्हणजे आयफेल टॉवर कधी होता? जुनं म्हणजे आजीची पोस्टकार्डं, वर मधोमध 'श्री' आणि खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद'. मग एप्रिलमध्ये ते दोन्ही स्कॅन केले आणि कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, पत्ता आणि फोन नंबर कुठाय?" शिक्क्यात फक्त आशीर्वाद, हे त्याला पटवायला पाच मिनिटं गेली. बोरूच्या बारीक रेघा पहिल्या वेळी आल्याच नाहीत, म्हणून अक्षर थोडं मोठं आणि जाड करून पुन्हा बनवून घेतलं. आतच शाई भरलेला शिक्का तो देत होता, तो घेतला नाही, कारण त्यात रंग बदलता येत नाही. लाकडी मुठीचा साधा रबरी घेतला. 'व्हिंटेज फोटो' शाईत हा शिक्का उमटतो तेव्हा आजीचं 'श' अगदी तसंच वाकडं येतं. अख्ख्या ऑनलाइन संचापेक्षा या दोन शिक्क्यांनी जास्त कार्डं केली.

पावसाळ्यात मात्र हाल झाले. ठाण्यात जुलैमध्ये काहीच वाळत नाही. कागद वाकतो, शाई तासभर ओली राहते आणि वरून हात फिरला की सगळं पुसतं. राखीची कार्डं इस्त्रीने वाळवली, मध्ये पांढरं कापड घालून आणि हलक्या आचेवर. ठसे आणि रंग एकाच दिवशी करायचा हट्ट सोडला. रात्री ठसे, सकाळी रंग.

पाठवायची असतील तर वजन आधी बघा. ए-5 आकाराचा 300 जीएसएम कागद दुमडून केलेलं कार्ड साधारण 9 ग्रॅम भरतं, पाकीट धरून पंधराच्या आसपास. 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचं तिकीट पुरतं. पण वर दुसरा कागद, लेस, मणी चिकटवले की काटा पुढे जातो, आणि मण्यांवर पोस्टाचा छाप बसला तर पाकीट फाटायची भीती. मी आता मणी बंद केलेत, लेससुद्धा चिकटवत नाही, ठशानेच उमटवते.

पुन्हा घ्यायचं झालं तर: दोन तपकिरी पॅड, काळी टिकाऊ शाई, चांगला कागद, आणि घरच्या कोणाचं तरी अक्षर. ठशांचा संच उधार आणून चालेल. माझा हवा असेल तर टॉवरसकट देते.