सायकल दुकानातून घ्यावी की ऑनलाइन? आधी जोडणीचा विचार करा

ऑनलाइन सायकल बहुतेकदा स्वस्त पडते, पण ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल घरी बसवायची असतात, आणि गडबड तिथेच होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडल पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवली की आवळतात. चुकीचं पेडल जोर लावून घुसवलं, तर क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि क्रँकच बदलावी लागते. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उलटा राहणं हीही नेहमीची चूक. पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) साधारणपणे चालवणाऱ्याच्या डावीकडे, फोर्कच्या मागच्या बाजूला असतो. तो उजवीकडे आणि समोर दिसला तर फोर्क फिरलेला आहे. तशी सायकल रस्त्यावर काढू नका. खोकं घरी येईपर्यंतच्या वाहतुकीत मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिथे अडकवतात ती पट्टी, वाकतो, तेही तपासा, नाहीतर मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर चेन गेल्यावर डिरेलर आऱ्यांत अडकतो.

दुकानातही सायकल खोक्यातूनच येते. फरक पडतो तो कारागिराच्या हाताने: हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) कोन, म्हणजे बेअरिंग आवळणारे नट, बसवणं, ग्रीस भरणं, रिमचा आऊट (वाकडेपणा) काढणं. सगळीच दुकानं हे करतात असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी चाक उचलून फिरवा. ब्रेक रबर आणि रिममधलं अंतर कमीजास्त होत असेल तर आऊट शिल्लक आहे. चाक धरून आडवं हलवल्यावर खटखट जाणवली तर कोन सैल आहेत.

किमतीवर फार ताणू नका. दुकानदाराचं भांडवल वेगवेगळ्या साइजच्या सायकलींत अडकलेलं असतं, आणि पंक्चर-दुरुस्तीच्या पैशांत बाजारपेठेतल्या गाळ्याचं भाडं निघत नाही. ते निघतं सायकलींच्या विक्रीतून. विक्री ऑनलाइन गेली की गल्लीतला कारागीरही जातो, आणि हे नुकसान शेवटी चालवणाऱ्याचंच. सूट मागण्याऐवजी महिन्याभराने एक मोफत सर्व्हिस बिलावर लिहून घ्या. नव्या गिअर-वायरी आणि आरे तेवढ्यात सैलावतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तोही बिलात बघा.

मुलांची सायकल आणि पहिली गिअरची सायकल दुकानातूनच घ्यावी, कारण उंचीला फ्रेम बसते का ते उभं राहून पाहावं लागतं. बिनगिअरची सायकल, हाताशी १५ मिमीचा पाना, ४-५-६ मिमीच्या ॲलन की आणि थोडा अनुभव असेल तर ऑनलाइन चालेल. जवळ दुकानच नसेल तर मागवण्याआधी एखाद्या कारागिराशी जोडणीची मजुरी ठरवून ठेवा.

ट्यूब-टायर ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर वाचून. २९ इंची आणि ७०० सी दोन्हींचा नंबर ६२२, तर जुन्या काळ्या २८ × १½ सायकलीचा ६३५. तिथे ६२२चा टायर चढतच नाही.