दुसरं कार्ड नुसतंच पंखा फिरवत होतं

कच्च्या पावतीवर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘गेमिंग पीसी फुल सेट, ग्राफिक्स १६ जीबी’. खाली ७१,५०० चा आकडा आणि गोगलगायीसारखी सही. जीएसटी नंबर नाही, ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पीसीत पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाचं, मॉडेल नाही, तारीखसुद्धा नाही. तेवीस वर्षं वायरमनचं काम करतोय, गिऱ्हाइकांना पक्कं बिल घ्यायला सांगत आलोय, आणि स्वतः हा चिटोरा घडी घालून पाकिटात ठेवला. परवा धायरीतल्या एका ओळखीच्याने विचारलं, "दोन ग्राफिक्स कार्डांचा सेट स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" म्हणून हे लिहायला बसलो.

२०२३ ची दिवाळी. भाचा फलटणहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलेला, कर्वेनगरला खोली करून राहतो. बहिणीने भिशीचे पैसे दिले आणि म्हणाली, "तू बरोबर जा, पोराला कोणी फसवायला नको." तपकीर गल्लीत आणि आसपास चार दुकानं पालथी घातली. पाचवं दुकान एका जिन्याखाली. मागच्या फळीवर एकसारखी दहा-बारा कार्डं बबल रॅपमध्ये गुंडाळून उभी लावली होती. एकाचाही खोका नव्हता. ते बघून मला काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

बोलता बोलता मी वायरमन आहे हे दुकानदाराला कळलं आणि त्याने नेमकी नस पकडली. "काका, सोसायटीची टाकी एका मोटारीने तासात भरते. दोन मोटारी लावल्या तर?" मी म्हणालो, अर्ध्या तासात. "मग झालं तर! नवीन एक कार्ड तीस हजारांचं. त्यापेक्षा ही दोन जीटीएक्स १०७० घ्या, सव्वीस हजारात. ८ आणि ८, सोळा जीबी. स्पीड डबल." भाचा हळूच म्हणाला, "मामा, एसएलआय आता बंद झालंय म्हणतात." एसएलआय म्हणजे दोन कार्डांना एकाच गेमवर जोडीने राबवायची, कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची सोय. मी त्याला गप्प केलं. ते आजही खुपतं.

दोन कार्डांना जोडणारा पूल, १,८०० रुपये. दोन कार्डं म्हणून साध्याऐवजी ८५० वॅटची एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ७,५००. चालू करून दाखवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव दोनदा आलं, दोन्हींचे पंखे गरगर फिरले. आम्ही रिक्षात बसलो.

दोन-तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन. गेम सुरू केला की वरचं कार्ड ८३ अंशांवर जातं, आवाज करतं आणि गेम अडकतो. शिवाय त्याच्या मित्राकडे एकच १०७० आहे, त्याच्याइतकाच वेग मिळतो. मी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावला की करंट दाखवणारं मीटर, घेऊन गेलो. माझं हत्यार तेवढंच.

पीसीच्या वायरला सरळ क्लॅम्प लावला तर शून्य दाखवणार, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातात. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड उघडला, फेजची वायर एकटी बाहेर ओढली आणि तिच्यावर क्लॅम्प लावला. भाच्याला म्हटलं, जड गेम चालू कर. १.२ अँपियर. पीसी बंद केला, खालचं कार्ड काढलं, पुन्हा तोच गेम, तीच जागा. १.१५. हे कार्ड दीडशे वॅटचं. एसएमपीएसची घट धरली तर ते खरंच काम करत असताना भिंतीपाशी पाऊण अँपियर तरी जास्त दिसायला हवा होता. पडलेला फरक एखाद्या नाइट बल्बएवढा. म्हणजे सव्वीस हजारांतल्या निम्म्या पैशांचं कार्ड तीन आठवडे नुसता पंखा फिरवत बसलं होतं. वर बिनकामाचं असूनही ते वरच्या कार्डाची हवा अडवत होतं. ते काढल्यावर वरचं ८३ वरून ७४ वर आलं. टास्क मॅनेजरमध्येही ‘जीपीयू १’ ची, म्हणजे दुसऱ्या कार्डाची, रेघ जमिनीला चिकटलेली दिसली असती, पण तिथे बघायचं असतं हे मला कोण सांगणार?

त्यानंतर भाच्याच्या कॉलेजमधल्या एका पोराने खोलीवर येऊन सगळं समजावलं. पीसीचा मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो, बी४५० चिपसेटचा. त्याच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या स्लॉटला चारच लेन, म्हणजे माहिती ये-जा करायचे मार्ग, तर एनव्हिडियाच्या एसएलआयला किमान आठ लागतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये एसएलआय चालू करायचा पर्यायच आला नव्हता. पूल शोभेला. दोन गावांमध्ये पूल बांधला आणि रस्ताच नाही, असा प्रकार.

सोळा जीबीचंही तेच. दोन्ही कार्डं आपापल्या मेमरीत तीच माहिती भरून ठेवतात. सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स काढल्या म्हणून जमीन दुप्पट होत नाही. गेमला मिळतात ८ जीबीच.

पण बोर्ड बरोबर असता तर? मला हे बघायचंच होतं, कारण माझी खुमखुमी जिरली नव्हती. त्या पोराकडे एक्स४७० चा बोर्ड होता, त्याच्यात दोन्ही कार्डं आठ-आठ लेनवर बसली. एसएलआयचा पर्याय आला. जीटीए फाइव्ह या गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, खरोखर चांगल्या वाढल्या, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या एका गेममध्ये आकडा वाढला पण चित्र झटके खात होतं. एक फ्रेम हे कार्ड काढतं, पुढची ते, आणि दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही. इंजिनाचा एक प्लग मिसिंग मारतो ना, तसं. आणि भाच्याच्या आवडीच्या तीन नव्या गेममध्ये काहीच नाही, दुसरं कार्ड झोपलेलं.

यात कार्डाचा दोष नाही. दोन कार्डांसाठी गेम बनवणाऱ्याने आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्याने वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि ती मेहनत आता जवळपास थांबली आहे. ही कल्पना १९९८ च्या व्हूडू २ पासूनची. एनव्हिडियाने २००४ मध्ये ती आपल्या कार्डांत पुन्हा आणली, पण २०२१ च्या १ जानेवारीपासून आरटीएक्स २० आणि आधीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल, म्हणजे त्या त्या गेमसाठीची सेटिंग, बनवणंच बंद केलं. आरटीएक्स ३० मालिकेत पूल बसायची सोय फक्त ३०९० च्या घरात उरली, ४० मालिकेत तीही गेली. भाचा दुकानात बोलला ते अक्षरशः खरं होतं. जीटीएक्स १०६० च्या जोड्या कोणी दाखवल्या तर कार्डाची वरची कड बघा, त्याला पूल बसायची खाचच नसते.

मग त्या फळीवर एवढी कार्डं कुठून आली? पोराचा अंदाज असा: १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं, बंद पडलं, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. आमच्या दोन्ही कार्डांच्या मागे तेलकट डाग होते, थर्मल पॅडमधून पाझरलेले. मायनिंगचीच होती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण एक गिऱ्हाईक, दोन कार्डं, माल लवकर उठतो.

दुकानात परत गेलो. "काका, कार्डं दोन दिली ना? चालू आहेत ना?" मी सोळा जीबीवर बोट ठेवलं. "८ आणि ८ किती होतात?" शेजारचा गाळेवाला हसला. ‘स्पीड डबल’ हे तोंडी होतं, त्यामुळे तिथे माझं काहीच चालेना. नंतर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. हे मला आधी माहीत असतं तर दुकानातच वेगळ्या आवाजात बोललो असतो. पण खरेदीची तारीखच कागदावर नसेल तर पुढे किती हेलपाटे, हा विचार करून बहिणीनेच "जाऊ दे रे" म्हटलं. तिच्या पैशांतले जेवढे माझ्या हट्टापायी गेले, तेवढे मी तिला हप्त्याने परत केले.

खालचं कार्ड शेवटी ॲनिमेशन शिकणाऱ्या एका मुलीला साडेसात हजारांत विकलं. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगला, म्हणजे तयार चित्र काढून घ्यायला, दोन कार्डं खरंच वाटून काम करतात, तिथे एसएलआय लागत नाही. तिच्याकडे आधीचं एक होतं. तिच्या घरी जाऊन बसवलं, एक्स्टेन्शन बोर्ड उघडला, क्लॅम्प लावला आणि रेंडर सुरू करायला सांगितलं. आकडा पाऊण अँपियरने वर गेला. मग कार्डाचा सिरियल नंबर आणि तारीख घालून, सही करून तिला पावती दिली. पुलाला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.