दिवाळीपासून पायात कोल्हापुरी: पायाचा अनुभव आणि लोकांचा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधून दोन जोड घेतले. माझा साधा, वेणीच्या पट्ट्याचा, चौदाशे रुपयांना. नवऱ्याचा कापशी घाटाचा, दोन्ही बाजूंना रुंद कान असलेला, सव्वीसशेला. लग्नकार्यापुरते मिरवायला नाही, रोज वापरायला. पुण्यात ऑफिस, पीएमपीची बस, मंडई, सोसायटीचे जिने, लेकीच्या शाळेतली पालकसभा, सगळीकडे हेच पायात. आता पाऊस येऊ घातलाय आणि दोन्ही जोड माळ्यावर जाणार आहेत, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

आधी पायाचं सांगते, मग लोकांचं. लोकांचं जास्त आहे.

नवी कोल्हापुरी चावते. "थोडी टोचते" वगैरे नाही, चावते. अंगठ्याचा वेढा पट्ट्याला जिथे मिळतो तिथे पहिला फोड आला आणि पावलाच्या वरच्या बाजूला दुसरा. दुकानदाराने आधीच बजावलं होतं, "ताई, आठ दिवस चावंल, मग लेकरागत पायाला चिकटंल." आठ दिवस ही त्याने धंद्याच्या हिशेबाने सांगितलेली मुदत. खरी मुदत तुमच्या पायाच्या कातडीवर आणि जिद्दीवर अवलंबून. खोबरेल तेल आतल्या बाजूने चोळून रात्रभर ठेवलं की वेढा आणि पट्टा मऊ पडतो. तळाला फार पाजू नका, घरभर डाग पडतात. सुरुवातीला घरातल्या घरात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, असं करत वाढवत न्यायचं. नवऱ्याने पहिल्याच रविवारी पर्वती चढायला घातली. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही.

एकदा बसली की मात्र या चपलेला तोड नाही. तळावर टाचेचा आणि पाचही बोटांचा ठसा उमटतो, इतका की अंधारात पाय घातला तरी आपली कुठली ते कळतं. एप्रिल-मेच्या उन्हात फोमच्या सँडलमध्ये पाय शिजायचे, इथे घाम चामड्यातच जिरतो. तळाला म्हशीचं जाड चामडं, वरच्या वेणीला बकऱ्याचं मऊ, दोन्ही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. खिळा एकही नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. त्यामुळे उसवली तरी कोपऱ्यावरचे चांभारकाका आरी-रापी काढून दहा मिनिटांत शिवून देतात. माझा एक टाका मार्चमध्ये गेला, वीस रुपयांत काम झालं. याआधीच्या सँडलचा पट्टा निघाला तेव्हा ब्रँडच्या शोरूममधल्या मुलाने अगदी गोड आवाजात नवी घ्यायला सांगितलं होतं.

दोष आहेत. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. मॉलमध्ये आणि हॉस्पिटलमध्ये मी म्हाताऱ्यासारखी जपून चालते. खाली रबर मारून घेतलं की हा त्रास जातो आणि टाचही झिजत नाही. शुद्धतावादी नाकं मुरडतात, मुरडू द्या. नव्या चामड्याला वास येतो, बंद कपाटात ठेवली तर पहिला महिनाभर तरी साड्यांनाही लागतो. पाण्याचं वैर आहे. भिजली की चामडं फुगतं, उन्हात वाळवली तर वाकडं होतं. आणि देवळाबाहेर सोडायची म्हटलं की अर्धं लक्ष गाभाऱ्यात, अर्धं चपलेत. आम्ही एक इकडे आणि एक तिकडे सोडतो. युक्ती जुनी आहे, अजून चालते.

नवऱ्याच्या कापशीला करकर आवाज आहे. काही कारागीर तळाच्या थरांमध्ये बिया घालून तो मुद्दाम आणतात. गावाकडे माणूस येतोय हे आवाजावरून कळावं, यात शान असते. पुण्यातल्या ओपन ऑफिसात मात्र तो चहाला किती वेळा उठला, याचा हिशेब सगळ्यांकडे असतो.

आता लोक. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, जवळपास सारख्याच मालाची चप्पल घेतली. नवऱ्याला पहिल्या आठवड्यात विचारलं गेलं ते असं: "काय भाऊ, कुठल्या वॉर्डातून?" "गुंठा विकला काय?" एका दिवशी त्याने वर पांढरा शर्ट घातला तर पार्किंगवाल्याने गाडीला जागा करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मला विचारलं गेलं ते असं: "एनजीओ जॉईन केलंस का?" "नाटकात वगैरे असतेस का गं तू?" खादीचा कुर्ता घातला त्या दिवशी तर समोरच्या काकूंनी आपल्या लेकाच्या परदेशातल्या पॅकेजबद्दल बोलणंच टाळलं, मला पैशाचं वावडं असणार असं गृहीत धरून. म्हणजे तीच वेणी पुरुषाच्या पायात असली की पुढारी, बाईच्या पायात असली की झोळीवाली. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीखाली हीच चप्पल घातली तेव्हा मात्र त्याच काकू म्हणाल्या, "आता कशी संपूर्ण दिसतेस!" तिथे प्रश्न नाही, कारण तो एका सकाळीचा वेश आहे. दुसऱ्या दिवशी हीच घालून बँकेत गेले की पुन्हा झोळीवाली.

नवऱ्याच्या ऑफिसातून तर मेल आली. कुणाचं नाव न घेता सगळ्यांना कळवलं होतं की उघडी पादत्राणं व्यावसायिक दिसत नाहीत. बायकांच्या सँडलला सूट होती, पुरुषांनी बूट घालावेत. ठीक आहे, कारखान्यात पायावर काही पडेल म्हणून बूट सक्तीचे असतील तर माझी हरकत नाही. इथे पायावर पडून पडून काय पडणार, माऊस? गंमत म्हणजे 1 मे रोजी त्याच कंपनीत पारंपरिक पोशाखाचा दिवस होता. नवरा फेटा बांधून, तीच कापशी घालून गेला आणि कंपनीने सोशल मीडियावर त्याचा फोटो लावला. चप्पल त्यात ठळक दिसते.

सासऱ्यांना ही मेल दाखवली तर त्यांनी हुसेनचं काढलं. 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नव्हतं. देशातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार, पण दारावरचा नियम पायांकडे बघत होता. मी म्हटलं, बाबा, ती जुनी गोष्ट. पण 2014 मध्ये चेन्नईत एका क्रिकेट क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून परत पाठवलं, तेव्हा तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून असली बंदी मोडीत काढली. आपल्याकडे असं काही होईल असं वाटत नाही. आपल्याला फोटोपुरता फेटा पुरतो.

प्राडा या इटलीतल्या महागड्या फॅशन ब्रँडचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी पुरुष मॉडेलांच्या पायात आपल्या चपलेची सख्खी बहीण घातली आणि नाव दिलं नुसतं चामड्याची सँडल. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. इकडे बोंब झाल्यावर त्यांनी महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांकडे येऊन गेली आणि डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथेच बनवायचे, किंमत जोडाला सुमारे 800 युरो. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर.

माझ्यापुरता परिणाम असा, की जी सहकारी माझ्या चपलेकडे बघून "बिनधास्त आहेस बाई" म्हणायची, तीच एक दिवस खाली वाकून शिवण बघत होती. "ओरिजिनल आहे? कुठून घेतलीस?" चप्पल तर बदलली नव्हती. उलट टाच थोडी झिजली होती. मधल्या काळात इटलीवाल्यांचा करार झाला होता, एवढंच. तोवर आपण कुठे बघत होतो? 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन (म्हणजे हे नाव त्याच भागात बनलेल्या मालाला लावायचा हक्क) मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्या वर्षी मला ऑफिसात कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

आणि महाग म्हणजे काय, याचा एक नमुना घरातलाच. माझी जाऊ माझ्याबरोबर चप्पल लाईनला होती. तिच्या पायात मॉलमधून घेतलेली साडेसहा हजारांची सँडल, जिचा तळ फोमचा आणि वरचा भाग रेक्झिनचा. तिथे तिने किमतीच्या चिठ्ठीला हात लावून फक्त साइज विचारला होता. इथे मात्र चौदाशेवर घासाघीस सुरू. "हजाराला द्या, आम्ही नेहमीचे." दुकानदार बिचारा पन्नास कमी करायला तयार झाला. मी चौदाशेच दिले, तर बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "वहिनी, फसवलं तुम्हाला." मॉलमध्ये फसवलं असं तिला वाटत नाही, कारण तिथे एसी होता आणि पिशवी जाड कागदाची होती.

दुसऱ्या दिवशी सुभाषनगरात एका कारागिराच्या घरी गेलो. तिथे वेणी घालणाऱ्या ताई उंबऱ्याशी बसल्या होत्या. बकऱ्याच्या चामड्याच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवलेल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि हात न बघता चाललेले. मी मोबाइल काढून व्हिडिओ घेईपर्यंत एका पट्ट्याची वेणी झालीसुद्धा. त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा होत्या. जोडामागे त्यांना काय मिळतं ते मी विचारलं. त्या हसल्या आणि चहा घेणार का विचारलं.

चपलेवरून माणूस तोलणं आपल्याकडे नवं नाही आणि त्याची मुळं फॅशनमध्ये तर मुळीच नाहीत. चामडं कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं, त्याने शिवलेली वाहाण पाटलाच्या पायात करकरली की मात्र रुबाब. कितीतरी गावांत दलितांना वरच्या आळीतून जाताना चप्पल हातात घ्यावी लागे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना साडी पांढरपेशा बायकांसारखी नेसायला आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्यायला सांगितलं. आपल्या कपड्यांवरून लोक आपल्याला काय समजतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि स्वतः ते सुटाबुटात वावरले. त्यामुळे "कपड्यांवरून माणसाला जोखू नये" असं गुळगुळीत वाक्य कुणी ऐकवलं की मला जरा राग येतो. जोखतात, पिढ्यान्‌पिढ्या जोखत आलेत. झोळीवाली म्हणवून घ्यायला मला काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून मी हा हट्ट मजेत करू शकते. सुभाषनगरातला पोरगा इंटरव्ह्यूला जाताना बापाने शिवलेली चप्पल घालणार नाही, बूटच घालणार. त्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची?

घ्यायची असेल त्यांच्यासाठी थोडं. ऑनलाइन एक जोड बहिणीसाठी मागवला होता. साइटचं नाव घेत नाही. साडेचारशेला आला, फोटोत हुबेहूब, हातात घेतल्यावर तळ पुठ्ठ्याचा आणि वर रेक्झिन. चामड्याचा वासच नसेल तर तिथेच थांबा. कडेला थर उघडे दिसले पाहिजेत, त्यात खिळे दिसले तर ती हाताने शिवलेली नव्हे, आणि फार हलकी असेल तरी संशय घ्या. गडद रंगापेक्षा चामड्याचाच तांबूस रंग घ्या, तेलाने तो आपोआप गडद होतो आणि पायाला रंग लागत नाही. कापशी हौसेला छान, पण रोजच्या वापराला तिचे कान बसच्या पायरीला अडकतात. रोजसाठी साधा पट्टाच बरा. दुकानदार "मोकळी घ्या, सुखाची पडेल" म्हणतील, तरी घट्टच घ्या. चामडं सैल होतं, आणि माझी आता चालताना टाचेवर फटाफट आपटते. पुढची अर्ध्या नंबराने लहान घेणार आहे, गणपतीनंतर, पुन्हा चप्पल लाईनमधूनच. जावेला बरोबर नेणार नाही.