खिडकीवरचं लिंटल: ओतलेलं की यू-ब्लॉकचं? एकाच घरात दोन्ही केल्यानंतर

एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेचे कप्पे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती भराभर चढतात आणि खिडकीच्या माथ्याशी आल्या की काम अडतं. खिडकीवरच्या भिंतीचं ओझं पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटल, कोणतं टाकायचं? हा प्रश्न आज ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अकोल्यातल्या आमच्या घराचा खालचा मजला २०१६ मध्ये झाला. तिथं सेंट्रिंग (काँक्रीट धरेपर्यंतचा फळ्या-बल्ल्यांचा साचा आणि आधार) लावून जागेवर ओतलेली, नेहमीची लिंटलं आहेत. २०२२ च्या हिवाळ्यात वर दोन खोल्या चढवल्या. तिथल्या पाच खिडक्यांवर मी आणि धाकट्या भावानं ब्लॉकचेच यू आकाराचे साचे केले, आत सळई आणि काँक्रीट भरलं आणि बाहेरच्या अंगाला उष्णता अडवणारी इन्सुलेशनची पट्टी घातली. खाली-वर भिंत तीच नऊ इंची, खिडक्या त्याच चार फुटी, आणि पश्चिमेचं ऊनही तेच. त्यामुळे दोन्हींची तुलना रोज डोळ्यांसमोर आहे.

तिसरा पर्याय बाजारातल्या तयार लिंटलचा. तो मी लवकर सोडून दिला. साडेपाच फुटांचं, भिंतीच्या रुंदीचं आणि सहा इंच उंचीचं लिंटल सव्वाशे किलोच्या पुढं जातं. जमिनीवर काम असेल तर चार माणसं उचलतील, पण जिन्यातून वर नेऊन सात फुटांवर बसवणं मला धोक्याचं वाटलं. शिवाय आत सळई किती आणि कशी घातली आहे हे बाहेरून कळत नाही. तळमजल्याचं काम असेल आणि लिंटल तयार करणारा ओळखीचा असेल, तर मात्र याच्यासारखं झटपट काही नाही.

आता खरी निवड उरते ती ओतलेलं की यू-ब्लॉक एवढीच.

ओतलेल्या लिंटलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. ते भिंतीच्या पूर्ण रुंदीचं असतं, प्रत्येक मिस्तरीच्या हातात बसलेलं असतं, आणि त्यातूनच छज्जा काढता येतो. आपल्याकडे लिंटल म्हटलं की छज्जा आलाच. दोन फुटांचा काँक्रीटचा छज्जा लिंटलला धरून लटकतो, त्याची सळई लिंटलमध्ये वळवलेली असते, आणि तो लिंटलला पिळतो. यू-ब्लॉकच्या पोटातलं काँक्रीट अरुंद असतं आणि बाहेरून ब्लॉकच्या पाटीनं झाकलेलं असतं. त्यातून असा छज्जा काढायचा विचारही करू नका. काँक्रीटचा छज्जा हवाच असेल तर इथंच थांबा आणि ओतलेलं लिंटल करा.

दुसरी गोष्ट भूकंपाची. आमचं घर कॉलम-बीमचं आहे. भिंत फक्त भरावाची, लिंटलवर येतं ते वरच्या तीन-चार थरांचं ओझं. घर भिंतींवर उभं असेल तर हिशोब वेगळा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे जी नवी घरं उभी राहिली, त्यांत लिंटलच्या पातळीवर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालण्यावर भर होता, तो उगाच नव्हे. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात हा पट्टा भिंतीच्या पूर्ण जाडीचा धरलेला आहे. यू-ब्लॉकमध्ये जाडीचा अर्धाअधिक भाग ब्लॉक आणि इन्सुलेशन खाऊन टाकतात. म्हणून भारवाही भिंतीचं घर असेल तर इंजिनिअरला नकाशा दाखवल्याशिवाय माझ्या घरची नक्कल करू नका, ही कळकळीची विनंती.

इतकं सगळं ओतलेल्याच्या बाजूनं असताना मी दुसरीकडे का वळलो? एका भेगेमुळे.

तळमजल्याला पहिला उन्हाळा लागला आणि हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीवर प्लास्टरमध्ये केसाएवढी आडवी रेघ उमटली. लिंटल संपून ब्लॉक सुरू होतो, बरोबर त्या उंचीवर. मग टोकांशी ती खाली वळली आणि लिंटलचा अख्खा आयत भिंतीवर पेन्सिलनं काढल्यासारखा दिसायला लागला. आमच्याकडची जमीन काळी, त्यामुळे पहिला संशय पायावर गेला. पण काळ्या मातीची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाते. ही सरळ होती, मोजून लिंटलएवढी. रेघ खरवडून पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्या मे महिन्यात ती परत आली. मग प्लास्टर फोडून जोडावर फायबरची जाळी बसवली, पुन्हा प्लास्टर केलं. दोन वर्षं बरी गेली आणि तिसऱ्या वर्षी जाळीच्या वरच्या कडेला नवी रेघ आली. आल्यागेल्याच्या नजरेत ती भरत नसेल, पण मी रोज संध्याकाळी त्याच खिडकीसमोर बसतो.

कारण समजायला अवघड नाही. एएसी ब्लॉक म्हणजे ॲल्युमिनियमच्या भुकटीनं फुगवलेलं आणि वाफेच्या दाबाखाली पक्कं केलेलं हलकं काँक्रीट. साध्या काँक्रीटच्या साधारण चौथा हिस्सा वजन, आत बारीक हवेचे कप्पे. प्लास्टर मारलं की ब्लॉक पाणी झपाट्यानं ओढतो, काँक्रीट ओढत नाही. उन्हात काँक्रीट जास्त तापतं आणि जास्त ताणतं, ब्लॉक कमी. वरचं प्लास्टर मात्र एकच, त्याला दोन्हीकडे ओढलं जातं. जाळीनं ही ओढाताण पसरते, मिटत नाही. आमच्या मिस्तरीनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "भाऊ, दोन जातीचा माल आहे, रेघ दाखवीनच."

यू-ब्लॉकमध्ये नेमका हाच प्रश्न सुटतो. काँक्रीट पोटात राहतं, आतून-बाहेरून दिसतो तो ब्लॉकच. प्लास्टरला सगळीकडे एकच माल मिळतो. वरच्या मजल्याला तीन उन्हाळे झाले, पाचही खिडक्यांवर अजून रेघ नाही. तीन उन्हाळे म्हणजे कायमची हमी नव्हे हे मान्य, पण खाली पहिल्याच उन्हाळ्यात आली होती.

उष्णतेचं मी यंत्रानं मोजलेलं नाही, हातानं सांगतो. मेमध्ये रात्री आठच्या सुमारास तळमजल्यावर खिडकीवरच्या भिंतीला तळहात लावला की लिंटलचा पट्टा वेगळा कळतो. चहा ओतून घेतलेल्या पातेल्यासारखा कोमट. साधं काँक्रीट ब्लॉकपेक्षा कितीतरी पट सहज उष्णता वाहून नेतं, आणि बाहेर आलेला छज्जा दिवसभर ऊन पिऊन तीच उष्णता आत सोडत राहतो. वर हात फिरवला तर लिंटल कुठून सुरू झालं ते सापडत नाही. अर्थात वर स्लॅबची धग असते, एकूण खोली खालच्यापेक्षा गरमच, त्यामुळे कुलर कमी लागतो असा दावा मी करणार नाही. थंड देशांत हे यू-ब्लॉक भिंतीतून उष्णता बाहेर पळू नये म्हणून वापरतात. आपल्याकडे ती आत येऊ नये म्हणून. काम एकच.

आता करायचं कसं ते सांगतो, कारण काही कारखाने तयार यू-ब्लॉक देत असले तरी आमच्या गाडीत ते आले नाहीत. आम्ही ब्लॉक करवतीनं चिरून दोन इंची पाट्या काढल्या. रुंद, कठीण दातांची ब्लॉकची करवत लागते. लाकडाची करवत दोन कापांत बोथट होते. तोंडाला फडकं नको, नीट मास्क लावा, ती धूळ वाईट. खाली नऊ इंच रुंद पाटी, तिच्यावर दोन्ही कडांना सहा-सहा इंच उंचीच्या पाट्या, सगळं ब्लॉक चिकटवायच्या मसाल्यानं जोडलेलं. एका लिंटलला दोन-दोन फुटांचे तीन साचे लागले, टोकाचा कापून. दोन्ही बाजूंना भिंतीवर नऊ-नऊ इंच टेकवले. ब्लॉक विटेसारखा कठीण नसतो, टेकू कमी दिला तर खालचा कोपरा चुरगळतो.

सेंट्रिंग यातून पूर्ण सुटत नाही, एवढं लक्षात ठेवा. काँक्रीट धरेपर्यंत साच्यांना स्वतःची ताकद नसते. खाली एक फळी आणि तीन बल्ल्या लागतातच, आणि त्या आमच्या इंजिनिअरनं चौदा दिवस काढू दिल्या नाहीत. बाजूच्या प्लेटा, खिळे, तेल हे मात्र वाचतं. चार-पाच लिंटलांच्या कामासाठी सेंट्रिंगवाला लवकर येत नाही, ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना हे वाचणं म्हणजे काय ते कळेल.

बाहेरच्या पाटीला आतून एक इंची एक्सपीएसची (थर्माकोलसारख्या, पण घट्ट फोमची) शीट लावली. ती मसाल्याचे गोळे ठेवून पक्की चिकटवा. पहिल्या खिडकीवर आम्ही ती नुसती उभी केली होती, आणि ओलं काँक्रीट पडताच ती वर तरंगायला लागली. काँक्रीटला उरते ती जागा जेमतेम चार इंच रुंद आणि सहा इंच खोल. त्यात खाली १० मिमीच्या दोन सळया, वर ८ मिमीच्या दोन, सहा-सहा इंचांवर त्यांना बांधणाऱ्या सळईच्या रिंगा. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मोजायचं ते काँक्रीटच्या कडेपासून, ब्लॉकची पाटी त्यात धरायची नाही. ब्लॉक ओल शोषतो, सळईला गंजापासून वाचवत नाही. गिट्टी बारीक घ्या, नाहीतर रिंगांत अडकून खाली पोकळी राहते.

ओतण्याआधी साचा आतून चांगला भिजवा. सुका ब्लॉक काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतो आणि काँक्रीट करपतं. मग सळईच्या तुकड्यानं हलक्या हातानं ठोसायचं. दुसऱ्या खिडकीवर मिस्तरीनं सवयीनं जोर लावला आणि बाहेरची पाटी मसाल्याच्या जोडातून सुटली, पाव इंच फुगली. पुढच्या तिन्ही लिंटलांना आम्ही दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून तारेनं आवळल्या, मग काही झालं नाही.

छज्जाचं काय केलं, हे सगळे विचारतात. पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन इतकं उतरतं येतं की दोन फुटांच्या छज्ज्याखालून ते सरळ आत शिरतं. तो हवा पावसासाठी. आम्ही ओतण्याआधी बाहेरच्या पाटीला भोकं पाडून १२ मिमीचे आट्याचे रॉड आत वळवून ठेवले आणि नंतर त्यांवर हलकं पत्र्याचं शेड बसवलं. प्लास्टर करताना लिंटलच्या खालच्या बाहेरच्या कडेला बोटभर खाच ठेवली, म्हणजे पाणी चौकटीकडे न वळता तिथंच गळून पडतं. हे विसरलात तर ब्लॉक ओल धरेल आणि मग दोष यू-ब्लॉकवर जाईल. पडद्याचा रॉडही लक्षात असू द्या. साधा स्क्रू पाटीत धरत नाही; लांब अँकर घ्यावा लागतो, दोन इंच पाटी ओलांडून काँक्रीटमध्ये रुतेल असा.

मेहनत जास्त आहे हे लपवत नाही. पाच लिंटलांच्या पाट्या कापायला दोघा भावांचे चार दिवस गेले. ते दिवस मजुरीत मोजले तर ओतलेलं स्वस्त पडतं. स्वतःचे हात असतील तर खर्च माझ्या मते सारखाच. कोकणातल्या पावसात काँक्रीटचा छज्जा लागतोच, तिथं मी कदाचित ओतलेलंच निवडलं असतं. पण विदर्भ-मराठवाड्यात, कॉलम-बीमच्या घरात, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर पुन्हा करायची वेळ आली, तर मी करवतच हातात घेईन. सगळं एकदम नको वाटत असेल तर एकाच खिडकीवर करून पाहा, शक्यतो जिच्यासमोर तुम्ही रोज बसणार आहात तिच्यावर.