आठ महिने 'उमामुसुमे' खेळल्यावर: नवख्याला काय सांगावं आणि कुठे थांबावं

26 जून 2025 ला 'उमामुसुमे: प्रिटी डर्बी' इंग्रजीत आला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो फोनवर घेतला. जपानमध्ये हा खेळ फेब्रुवारी 2021 पासून चालू आहे. म्हणजे आपल्या हाती लागला तेव्हा त्याचे चार वर्षं मुरलेले जाणकार आधीच होते. तेव्हापासून जवळजवळ रोज खेळतेय आणि खेळ मला मनापासून आवडतो. पण आज लिहायला बसले ते खेळाची तारीफ करायला नाही. नवीन माणूस इथे रमतो की महिनाभरात खेळ काढून टाकतो, हे त्याला पहिल्या आठवड्यात कोण जुना खेळाडू भेटतो त्यावर फार अवलंबून असतं. मी आधी नवखी होते, मग सल्ले देणारी झाले, आणि दोन्ही वेळा हे चुकताना पाहिलं आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जपानच्या शर्यतींतले खरे घोडे इथे मुलींच्या रूपात आहेत, आपण त्यांचे ट्रेनर. एकीला निवडायचं आणि तीन वर्षं घडवायचं. महिन्याला दोन खेळी, प्रत्येक खेळीत वेग, दम, ताकद, जिद्द आणि हुशारी यांतल्या एकाचा सराव, नाहीतर आराम, फेरफटका किंवा शर्यत. सोबत सहा सपोर्ट कार्डं, त्यातलं एक दुसऱ्या खेळाडूकडून उसनं घेतलेलं. पैज लावणं हा प्रकार खेळात नाही. शर्यत सुरू झाली की आपण फक्त बघत बसतो, आणि शेवटच्या वळणावर छातीत धडधडतं ते आठ महिन्यांनीही कमी झालेलं नाही.

माझा स्वतःचा पहिला आठवडा वाया गेला. एका जुन्या खेळाडूने सांगितलं, की किटासान ब्लॅकचं वेगाचं कार्ड मिळेपर्यंत रिरोल कर, त्याशिवाय खेळण्यात अर्थ नाही. मी सगळं पुसून पाच वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. तीच ओळख, तेच संवाद, तेच पुल, म्हणजे नशिबावर कार्ड काढणं. तिसऱ्या दिवशी खरा खेळ हाती आला तेव्हा मी इतकी कंटाळले होते, की पहिली मुलगी कोण घडवली तेही आज आठवत नाही. कार्ड चांगलं आहे, यात वाद नाही. पण ते का चांगलं आहे हे कळायला खेळाचे निदान पंधरा दिवस लागतात, आणि मी ते कळण्याआधीच त्याच्यामागे पळत होते.

उलट जे सांगायला हवं होतं ते कोणीच सांगितलं नाही. एका पुलला 150 कॅरट, म्हणजे खेळातलं चलन, लागतात. एकाच बॅनरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सोडतीवर, 200 पुल झाले की तिचं मुख्य कार्ड हक्काने मागून घेता येतं, म्हणजे 30,000 कॅरट. आणि बॅनर संपला की ती मोजणी पुढच्या बॅनरला जात नाही. मी एका बॅनरवर नव्वद पुल करून थांबले, उरलेलं पुढच्या वेळी बघू म्हणून. पुढच्या वेळी मोजणी शून्यावर होती. नियम तिथे लिहिलेला आहे, मी वाचला नव्हता. पण मला रिरोलवर अर्धा तास व्याख्यान देणाऱ्याने हे एक वाक्य सांगितलं असतं तर दीड महिन्याची साठवण वाचली असती.

यातून माझा पहिला नियम तयार झाला. जे गेलं की परत येत नाही, तेवढंच नवख्याला न विचारता सांगायचं. कॅरट परत येत नाहीत, खिशातले पैसे परत येत नाहीत. बाकी सगळं परत येतं. फेरी बिघडली तर दुसरी सुरू करता येते, फार तर पाऊण तास गेला. एखादी शर्यत हरली तर काही वेळा गजराचं घड्याळ वापरून ती पुन्हा धावता येते. जिथे चुकून शिकता येतं तिथे त्याला चुकू द्यावं.

आता माझ्याकडून झालेली चूक.

9 सप्टेंबर 2025 ला हारू उरारा वारली, एकोणतीस वर्षांची होऊन. तिची गोष्ट जपानमध्ये लहानथोरांना माहीत आहे. शिकोकू बेटावरच्या कोची रेसकोर्सची ही घोडी 113 शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. रेसकोर्स तोट्यात होता. 2003 च्या सुमारास हिच्या सलग हरण्याची बातमी झाली आणि लोक लांबून लांबून तिला बघायला येऊ लागले. मार्च 2004 मध्ये जपानचा सगळ्यात नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला, तरीही ती अकरांत दहावी आली. तिच्या नावाचं न लागलेलं तिकीट लोक गाडीत जपून ठेवत. जपानीत 'लागत नाही' आणि 'धडकत नाही' याला एकच शब्द आहे, म्हणून ते अपघात टाळणारा ताईत झालं.

माझ्या भाचीने ही बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात खेळ घेतला. नाशिकला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा मेसेज आला, "मावशी, मी उराराला घेतलंय." मी लगेच उत्तर लिहायला बसले. उरारा फक्त एका ताऱ्याची, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीची आहे. डर्टवर (माती-वाळूवर) आणि छोट्या अंतरात चालते, पण टर्फला (गवताला) 'जी' ग्रेड, म्हणजे सगळ्यात खालची, लांब अंतराला 'जी' ग्रेड, आणि तिच्या गोष्टीत शेवटी अरिमा किनेन धावावी लागते, म्हणजे 2500 मीटर, टर्फवर. तिला बाजूला ठेव, साकुरा बाकुशिन ओ घे, तिच्या शर्यती छोट्या आहेत, दमाची चिंता नाही, नवीन माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. मग डेक, म्हणजे सहा कार्डांचा संच, कसा लावायचा, कुठली कार्डं, कुठल्या वर्षी काय. मेसेज दोन पानं भरेल इतका झाला. त्यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं.

उत्तरात एक अंगठा आला. त्यानंतर तीन आठवडे तिने खेळ उघडला नाही. दिवाळीत भेटलो तेव्हा सहज विचारलं, तर म्हणाली, "मला उरारालाच धावताना बघायचं होतं गं. तू म्हणालीस तिला ठेव बाजूला, मग माझ्यासाठी काही उरलंच नाही."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. ती कशासाठी आली आहे हे मी विचारलंच नव्हतं. मला येतं ते सगळं मी तिच्यासमोर ओतलं, आणि तिच्या एकमेव कारणावर फुली मारली.

लहानपणी पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात वडिलांबरोबर दोन-तीनदा गेले आहे. तिथे टिप देणारे पायलीला पन्नास. पण वडिलांचे एक स्नेही मला पॅडॉकच्या कठड्यापाशी न्यायचे आणि घोडे गोल फिरताना दाखवायचे. "मागचे पाय कसे टाकतोय बघ. मान बघ. आता पुढचा बघ." कोण जिंकेल हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तिसऱ्या वेळेला मीच म्हणाले, की तो चार नंबरचा घामाने डबडबलाय, तो थकेल. चार नंबर कितवा आला ते विसरले, पण आपल्याला दिसलं, हा आनंद अजून आठवतो. दिवाळीनंतर मी भाचीशी तसं वागायचं ठरवलं.

ती पुन्हा उराराला घेऊन बसली आणि मी शेजारी. काही सांगायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं, आणि ते अवघड गेलं. पहिल्या वर्षात तिने शक्ती संपत आलेली असताना वेगाचा सराव दाबला. अपयशाची शक्यता पडद्यावर तेहतीस टक्के दिसत होती. सराव फसला, उरारा हिरमुसली, वेग उलट घटला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तो आकडा कशामुळे वाढला असेल?" तिने वरची पट्टी बघितली, मागच्या दोन खेळी आठवल्या आणि स्वतःच म्हणाली, "आराम दिला नाही म्हणून." पुढच्या वेळी तिने आरामाऐवजी हुशारीचा सराव दाबून पाहिला आणि ओरडली, "यात शक्ती थोडी भरतेय!" हे मला कळायला महिना लागला होता.

एकच गोष्ट मी आपणहून सांगितली, कारण ती पडद्यावरून लवकर उमगत नाही. सपोर्ट कार्डांची आपल्या मुलीशी मैत्री वाढते, तिची एक पट्टी असते. ज्या सरावात ते कार्ड हजर असतं तो सराव केला की पट्टी भरत जाते. ती नारिंगी झाली की त्या कार्डाच्या स्वतःच्या सरावात इंद्रधनुषी चमक येते आणि एका खेळीत दुप्पट-तिप्पट मिळतं. म्हणून पहिल्या वर्षी आकड्यांच्या मागे न लागता जिथे जास्त कार्डं गोळा झाली असतील तिथे सराव करावा. नुसतं 'पहिल्या वर्षी मैत्री वाढव' असं सांगितलं तर नवखा ते पाठ करतो आणि दुसऱ्या डेकबरोबर गोंधळतो. कारण कळलं, तर नवं कार्ड आलं तरी त्याचं तो ठरवू शकतो.

शेवटी अरिमा किनेन आली. डर्टवर उराराने चार शर्यती छान जिंकल्या होत्या. इथे सोळा जणी, नाकायामाचं मैदान, शेवटची सरळ वाट 310 मीटरची आणि तिच्यात चढ. उरारा पहिल्या वळणापासून मागे. अर्ध्यात तिचा दम संपला. चढावर बाकीच्या सगळ्या पुढे निघून गेल्या आणि ती एकटी धावत राहिली. सोळापैकी सोळावी. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी तिनेच विचारलं, "मावशी, हिला टर्फवर धावता येईल असं काहीच करता येत नाही का?"

सप्टेंबरमध्ये पिंक स्पार्कबद्दल, म्हणजे मैदानाची किंवा अंतराची ग्रेड वाढवणाऱ्या वारशाबद्दल, मी सहा ओळी लिहिल्या होत्या, त्या तिने वाचल्याही नव्हत्या. आता तासभर एकेक गोष्ट विचारून घेतली. घडवून झालेली मुलगी पुढच्या मुलीची पेरेंट होऊ शकते, तिचे स्पार्क वारशाने मिळतात. टर्फचा पिंक स्पार्क असलेल्या पेरेंट आणि त्यांच्याही पेरेंट जमवल्या तर सुरुवातीलाच ग्रेड काही पायऱ्या वर चढते. एक पेरेंट दुसऱ्या खेळाडूकडून उसनीही घेता येते. तिने वही काढली.

जुन्या खेळाडूंना कळकळीने सांगावंसं वाटतं, की 'मेटा काय आहे', म्हणजे सध्या जिंकायला सगळ्यात सरस काय, हा नवख्याचा प्रश्न नसतोच. चॅम्पियन्स मीटिंगमध्ये इतरांशी भिडायचं असेल तेव्हा तो प्रश्न येतो, आणि तेव्हा हवं तितकं सांगावं. पहिल्या महिन्यात त्याला एवढंच हवं असतं, की आपली मुलगी किकुका शोला 3000 मीटरच्या शेवटी का गळपटली. तिथे 'दम कमी पडला, लांब शर्यतीसाठी दम परत भरणारं एखादं स्किल बघ' एवढं पुरतं. काही क्लबांत नव्याने आलेल्यालाही महिन्याला इतके फॅन (शर्यतींतून मिळणारे चाहते) हवेतच, अशी अट घालतात. तो क्लब सोडून जातो आणि बरेचदा खेळही. नवख्यांना घ्यायचंच नसेल तर तसं सांगावं, घेतलं तर पहिले दोन महिने आकडा मागू नये.

आणखी एक. जपानमधली आवृत्ती पुढे असल्याने पुढे काय येणार हे जुन्यांना माहीत असतं. कुठल्या बॅनरसाठी साठवावं हे जरूर सांगा, विचारलं तर. गोष्टी मात्र आधी सांगू नका. 1998 च्या तेन्नो शोमध्ये खऱ्या मैदानावर सायलेन्स सुझुकाचं काय झालं ते मी इथेही लिहिणार नाही. ज्याला माहीत नाही त्याने तिला घेऊन त्या शर्यतीपर्यंत जावं. मी काही न वाचता गेले होते आणि तो रविवार मला चांगला लक्षात आहे. माहिती नसण्याचं हे सुख एकदाच मिळतं, ते कुणाचं हिरावून घेऊ नये.

पैशांबद्दलही स्पष्ट सांगते. एक रुपया न भरता हा खेळ छान खेळता येतो. पूर्ण वाढवलेलं एसआर (मधल्या दर्जाचं) कार्ड बरेचदा एकदाच मिळालेल्या एसएसआरपेक्षा (सगळ्यात वरच्या दर्जाच्या कार्डापेक्षा) जास्त कामाचं ठरतं. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगावं, कारण रंगीबेरंगी कार्ड बघून तसं वाटत नाही.

भाचीची उरारा अरिमा अजून जिंकलेली नाही. टर्फ 'जी'वरून 'डी'पर्यंत सुरुवातीलाच आणलंय, सगळ्यात चांगली जागा पाचवी. दर रविवारी एक फेरी तिच्यासाठी राखून ठेवलेली आहे. मागच्या आठवड्यात मी डर्टवर धावणारी एक मुलगी घडवत होते आणि चांगली पेरेंट मिळत नाही म्हणून कुरकुरत होते. रात्री तिचा मेसेज आला, "मावशी, माझी उरारा लावून ठेवलीय. डर्टचा पिंक स्पार्क आहे, तीन ताऱ्यांचा. घे उसनी."

मी घेतली. ग्रेड एका पायरीने वर चढली.